पहारेकऱ्यानेच उघडलेलं दार : गव्हावरच्या टॉक्स-ए विषाचं प्रकरण

गव्हाचं एखादं रोगट पान उजेडाकडे धरा आणि त्यावरचा एकच ठिपका भिंगातून नीट पाहा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळपट बिंदू. त्याच्याभोवती सुक्या चामड्याच्या रंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला डाग. त्याच्याही बाहेर पिवळी कड, आणि मग निरोगी हिरवं पान. बुरशी पानात घुसली ती मधल्या बिंदूपाशी. भोवतालच्या बऱ्याच पेशी मात्र बुरशीचा धागा तिथवर पोचायच्या आतच मरून गेलेल्या असतात.

त्यांना आधीच जाऊन मारणारं असतं एक प्रथिन. त्याचं नाव टॉक्स-ए. लांबी अवघी ११८ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या जगात अगदी किरकोळ अंगकाठी. एवढ्याशा रेणूने ऑस्ट्रेलियातल्या गहू उत्पादकांना वर्षानुवर्षं नडवलं आणि रोगप्रतिकारक वाण कसे तयार करायचे याबद्दलची पैदासकारांची जुनी समजूत उलटी करून दाखवली. आता ते आपल्या गंगेच्या खोऱ्यातल्या गव्हावरही सापडलं आहे.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं माझं कारण साधं आहे. आपल्याकडे करप्याबद्दलचं बोलणं 'कोणतं औषध मारायचं' इथे सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. वाण करप्याला बळी का पडतो, त्याच्या आत नेमकं काय आहे, हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा. टॉक्स-एच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर एका जनुकापर्यंत नेमकं सापडलं, आणि सापडल्यावर ते शेतात वापरलंही गेलं. असं फार कमी रोगांबाबत घडतं.

काडावरून पानावर

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या आतल्या बाजूला गव्हाचा प्रचंड मोठा पट्टा पसरलेला आहे. जमीन हलकी, वाळूसर. पीक पूर्णपणे पावसावर. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पेरणी एप्रिल ते जूनमध्ये आणि कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. उत्पन्न हेक्टरी साधारण दोन टन, आपल्या हिशेबाने एकरी आठेक क्विंटल. एवढ्या उत्पन्नावर दोन-दोन फवारण्यांचा खर्च टाकायचा तर शेतकऱ्याला दहादा विचार करावा लागतो.

वाऱ्याने माती उडून जाऊ नये आणि थोडीफार ओल टिकावी म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी नांगरणी जवळपास सोडूनच दिली. आधीच्या पिकाचं काड, धसकटं तशीच उभी ठेवायची आणि त्यांच्या ओळींमधूनच पुढचं बी पेरायचं. मातीच्या दृष्टीने हा निर्णय अगदी योग्य होता, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. पण एका बुरशीला तो फार मानवला. पायरेनोफोरा ट्रिटिसी-रिपेंटिस हे तिचं शास्त्रीय नाव. कापणीनंतर ती मेलेल्या काडावर मुक्काम करते. काड हातात घेऊन बोट फिरवलं तर खरखरीत लागणारे बारीक काळे फुटकुळे म्हणजे तिची बीजाणूंची कोठारं. हिवाळ्याचा पाऊस पडला, काड भिजलं, की त्यातून बीजाणू उडतात आणि शेजारीच उगवलेल्या कोवळ्या रोपांवर पडतात. खालच्या पानांवर ठिपके आले की त्यांवर नवे बीजाणू तयार होतात, आणि हे दुसऱ्या पिढीचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

तिकडे या रोगाला 'यलो स्पॉट' म्हणतात, अमेरिकेत 'टॅन स्पॉट'. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या रोगांच्या नुकसानीचा एक तपशीलवार हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या एका रोगामुळे वर्षाला सरासरी २१ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं नुकसान होतं असा अंदाज मांडला होता. सर्व रोगांमध्ये हाच आकडा सर्वांत मोठा. ज्याच्या नावाने गहू पिकवणाऱ्याला घाम फुटतो त्या पिवळ्या तांबेऱ्याचा क्रमांकही त्याच्या खाली लागला होता.

एका प्रथिनाचं काम

तांबेरा आणि हा करपा यांची जगण्याची रीत एकमेकांच्या अगदी उलट आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही.

तांबेऱ्याच्या बुरशीला जिवंत पेशी लागते. पेशी मेली की तिचंही खाणं संपलं. त्यामुळे तिचा सारा प्रयत्न झाडाला सुगावा लागू न देता आतून रस शोषण्याचा. झाडाचा बचावही त्यावरच बेतलेला. पहारा देणारी काही जनुकं झाडाकडे असतात. त्यांच्या प्रथिनांना शत्रूची चाहूल लागली की हल्ला झालेली पेशी स्वतःला मारून टाकते. एक पेशी गेली, पण तांबेऱ्याची उपासमार झाली आणि झाड वाचलं. गव्हाची तांबेरा-प्रतिकारक्षमता वाटाण्याच्या रंगासारखी मेंडेलच्या नियमाने पिढ्यान्‌पिढ्या उतरते, हे केंब्रिजमध्ये रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवलं. तेव्हापासून पैदासकारांचं काम ठरून गेलं: असं प्रतिकारक जनुक शोधायचं, संकर करायचा आणि नव्या वाणात ते घालायचं.

करप्याची बुरशी मेलेल्या पेशींवर जगते. तिच्यापुढे पेशीने आत्महत्या केली तर तिला आयतंच ताट वाढून मिळतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये आणि कॅनडातल्या मॅनिटोबामध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की ही बुरशी ज्या पाण्यात वाढवली ते पाणी गाळून, त्यात बुरशीचा एकही कण नसताना पानात टोचलं तरी पान करपतं. आणि करपतं ते ठरावीक वाणांचंच. बाकीच्या वाणांवर तेच पाणी टोचलं तर काहीसुद्धा होत नाही. म्हणजे हे सरसकट जाळणारं आम्लासारखं विष नव्हतं, ते वाण पाहून काम करत होतं. १९८९-९० च्या सुमारास ते शुद्ध करण्यात आलं आणि ते प्रथिन निघालं. तोवर माहीत असलेली अशी 'निवडक' विषं बहुतेक करून लहान रासायनिक रेणू होती.

खरा पुरावा १९९७ मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठातून आला. तिथल्या गटाने या प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं आणि याच बुरशीच्या एका निरुपद्रवी, रोग न करणाऱ्या वंशात घातलं. बाकी काही बदललं नाही, एक जनुक तेवढं जादा. तो वंश गव्हावर रोग करू लागला. वनस्पतिरोगशास्त्रात इतकं स्वच्छ, वाद घालायला जागा न ठेवणारं उत्तर क्वचित मिळतं, आणि म्हणूनच हा प्रयोग मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो.

मग प्रथिन आत जाऊन करतं काय, याचा माग सुरू झाला. २००५ मध्ये त्याची स्फटिकरचना उलगडली. पानाच्या पेशींबाहेर सोडलेलं टॉक्स-ए बळी पडणाऱ्या वाणात पेशीचं आवरण ओलांडून थेट आत जातं आणि हरितलवकांपर्यंत पोचतं, हेही त्याच वर्षी दिसलं. त्याच्या पृष्ठभागावर बाहेर आलेल्या एका वळशावर आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची साखळी असते. प्राण्यांच्या शरीरातली काही प्रथिनं पेशींना चिकटतात ती नेमक्या याच त्रिकुटाच्या आधाराने. या वळशात बदल केला की टॉक्स-एचं विष उतरतं.

प्रतिकारक वाणाच्या पेशीत ते बाहेरून शिरतच नाही. पण संशोधकांनी टॉक्स-ए प्रतिकारक वाणाच्या पेशीतच तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्या पेशीही मेल्या. म्हणजे आतली मरण्याची यंत्रणा दोन्ही वाणांत सारखीच तयार आहे. फरक आहे तो दाराचा.

आणखी एक गोष्ट, जी वाचली तेव्हा मी थबकलो: टोचलेलं पान अंधारात ठेवलं तर ते करपत नाही. टॉक्स-ए हरितलवकांतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडवतं. वरून ऊन पडत राहिलं की ती बिघडलेली यंत्रणा घातक ऑक्सिजन-रेणू तयार करू लागते आणि त्यांनीच पेशी जळते. ज्या उन्हावर गहू पोसतो, तेच त्याला मारायला वापरलं जातं.

पहारेकरी

दाराचा शोध घेणाऱ्यांनी गव्हाच्या ५बी गुणसूत्राच्या लांब भुजेवर एक जागा आधीच पक्की केली होती. तिला नाव दिलं टीएसएन-१. ज्या वाणात हे जनुक आहे तो टॉक्स-एला बळी पडतो, ज्यात नाही तो पडत नाही. उत्तर डाकोटातल्या फार्गो इथे जस्टिन फारिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे जनुक वेगळं काढून वाचलं.

ते वाचल्यावर दिसलं की टीएसएन-१ ची बांधणी रोगप्रतिकारक जनुकासारखी आहे. पहारा देणाऱ्या जनुकांत जे भाग असतात, तेच यातही आहेत. फक्त इथे दोन वेगवेगळ्या कुळांतले तुकडे एकत्र जोडले गेले आहेत. काम कोणतं? शत्रूची चाहूल लागली की पेशीला मरणाचा हुकूम द्यायचा. टॉक्स-ए आलं की टीएसएन-१ आपलं नेमून दिलेलं काम चोख बजावतं. पेशी मरते. आणि करप्याच्या बुरशीला हवं असतं नेमकं तेच.

यात खोच अशी की टॉक्स-ए आणि टीएसएन-१ ही प्रथिनं एकमेकांना थेट चिकटताना दिसली नाहीत. मधे आणखी कुणीतरी आहे. शिवाय टीएसएन-१ चं काम दिवस-रात्रीच्या चक्राप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे कमी-जास्त होतं. अंधारात पान न करपण्याशी हे जुळतं.

असा फटका पैदासकारांना याआधी एकदा बसला होता. अमेरिकेत १९४० च्या दशकात व्हिक्टोरिया नावाच्या ओट वाणापासून काढलेले वाण तांबेरा-प्रतिकारक म्हणून मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले. १९४६-४७ च्या सुमारास एका नव्या बुरशीने नेमके तेच वाण साफ केले, आणि तिचं विष व्हिक्टोरियातली तांबेऱ्याची प्रतिकारक्षमता असलेल्या झाडांनाच मारत होतं. दोन्ही गुण संकरातून वेगळे करायचे पुष्कळ प्रयत्न झाले, पण ते सुटे होईनात. तांबेऱ्यापासून वाचवणारी आणि करप्याला बळी देणारी गोष्ट बहुधा एकच होती.

टीएसएन-१ ने ही शक्यता गव्हाच्या बाबतीत जनुकाच्या पातळीवर स्पष्ट केली. म्हणून याला 'उलटं जनुकास-जनुक नातं' म्हणतात. तांबेऱ्यात झाडाचं जनुक आणि बुरशीचं जनुक जुळलं की झाड वाचतं. इथे जुळलं की झाड मरतं. पैदासकाराला त्याचा अर्थ साधा: इथे वाणात काही घालायचं नाही, एक जनुक काढून टाकायचं.

१९४२ च्या आधी कधीतरी

हे विष आलं कुठून, याचा शोध अगदी अनपेक्षित जागी लागला.

पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पानावर आणि ओंबीच्या तुसांवर डाग पाडणारी आणखी एक बुरशी पूर्वीपासून आहे. हल्ली तिला पॅरास्टॅगोनोस्पोरा नोडोरम म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून ती शास्त्राला माहीत आहे. तिचा पश्चिम ऑस्ट्रेलियातून मिळवलेला एसएन-१५ हा वंश निवडून त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. पर्थमधले रिचर्ड ऑलिव्हर आणि फार्गोतले टिमोथी फ्रीसन यांचे गट त्यातली डीएनएची अक्षरं चाळत होते. त्यात त्यांना एक ओळखीचं जनुक दिसलं. टॉक्स-ए. दुसऱ्या बुरशीचं विष या बुरशीत, ९९ टक्क्यांहून जास्त जुळणारं.

दोन निराळ्या जातींमध्ये एखादं जनुक पूर्वजांकडून आलेलं असेल तर इतक्या काळात त्यात पुष्कळ बदल साचायला हवेत. बाकीच्या जनुकांत तसे ते साचलेले होतेच. हे एकच जनुक, आजूबाजूच्या सुमारे ११ हजार अक्षरांच्या पट्ट्यासकट, जवळपास तंतोतंत सारखं होतं. म्हणजे ते वारशाने आलेलं नव्हतं, एका बुरशीतून दुसरीत उचलून नेलेलं होतं. नोडोरममध्ये या जनुकाची निरनिराळी रूपं सापडली, पायरेनोफोरामध्ये तेव्हा तपासलेल्या वंशांत एकच. जिथे विविधता जास्त तिथे ते जास्त काळ राहिलेलं असणार, या तर्काने त्यांनी दिशा ठरवली: नोडोरमकडून पायरेनोफोराकडे. पायरेनोफोरा बुरशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होती, पण गव्हावर ती गंभीर रोग करते अशा नोंदी १९४० च्या दशकापासून येऊ लागल्या. म्हणून ही उचलाउचल १९४२ च्या थोडी आधी झाली असावी, असा निष्कर्ष त्यांनी २००६ मध्ये मांडला. एका जनुकाची हातबदल, आणि गव्हाला नवा रोग.

पुढच्या वर्षांत चित्र आणखी गुंतत गेलं. २०१८ मध्ये कॅनबेरातल्या गटाला तेच जनुक बायपोलॅरिस सोरोकिनियाना या तिसऱ्या बुरशीत ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांत सापडलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नमुन्यांतही ते दिसलं. टॉक्स-ए एका 'उड्या मारणाऱ्या' डीएनए-तुकड्यात बसून फिरतं, हेही कळलं. तो तुकडा सुमारे १४ हजार अक्षरांचा. तो स्वतः त्याहून कितीतरी मोठ्या, जनुकसंचात जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या पोटात बसलेला असतो. अशा मोठ्या तुकड्यांच्या कुळाला 'स्टारशिप' असं नाव पडलं आहे. टॉक्स-एसाठी आता एकच दिशा आणि एकच तारीख सांगून भागत नाही. पण तीन वेगवेगळ्या बुरशींना गव्हाच्या एकाच जनुकाचा फायदा मिळतो, एवढं पक्कं झालं. म्हणजे ते जनुक काढलं तर तिघींचं एक हत्यार एकदम बोथट होतं.

सुई नसलेली सिरिंज

आता शेताकडे वळू, कारण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग इथे आहे.

पैदासकाराला एका हंगामात हजारो ओळी, म्हणजे संकरातून निघालेली, वाण होऊ घातलेली रोपांची घराणी, तपासायच्या असतात. शेतात रोग आणून निवड करायची तर पाऊस, ओल, उष्णता सगळं जुळून यावं लागतं. एकाच पानावर दोन-तीन रोग मिसळलेले असतात. आज बरी दिसलेली ओळ पुढच्या वर्षी करपते. टॉक्स-एमुळे हा सगळा गोंधळ बाजूला ठेवता आला. प्रथिनाचं जनुक सूक्ष्मजीवात घालून ते प्रयोगशाळेत हवं तेवढं तयार करता येतं. मग फक्त रोपं लागतात.

कुंडीत किंवा ट्रेमध्ये गहू पेरायचा. साधारण दोन आठवड्यांनी दुसरं पान पूर्ण उघडलं की एक मिलीलिटरची सिरिंज घ्यायची, सुई काढून टाकायची. सिरिंजचं बोथट तोंड पानाच्या खालच्या बाजूला टेकवायचं, वरून बोटाने आधार द्यायचा आणि दट्ट्या हलकेच दाबायचा. जोर जास्त झाला तर पान फाटतं, कमी झाला तर द्रव बाहेर ओघळतो. हात बसला की द्रव पानाच्या आत पसरताना डोळ्यांना दिसतो: हिरवा रंग गडद होत ओल्या कापडासारखा पट्टा पुढे सरकत जातो. तो जिथे थांबतो तिथे दोन्ही बाजूंना मार्कर पेनने रेघ मारायची. अर्ध्या-एक तासात पाणी उडून जातं आणि पान पूर्ववत दिसतं, म्हणून रेघा आधीच मारून ठेवाव्या लागतात. मग ट्रे उजेडात ठेवून द्यायचा.

तीन-चार दिवसांनी पाहायचं. ज्या रोपात टीएसएन-१ आहे त्याचं पान दोन रेघांच्या मधे वाळून, आक्रसून, कागदासारखं झालेलं असतं. रेघेच्या बाहेर एक मिलिमीटरही नाही. ज्यात ते नाही, त्याच्या पानावर फक्त पेनच्या रेघा उरलेल्या असतात. मधला भाग हिरवागार.

ना भिंग लागतं, ना डीएनए-यंत्र, ना रोगाला पोषक हवामान. ही चाचणी इतकी साधी असल्यामुळेच ती शेतापर्यंत पोचली, असं माझं ठाम मत आहे. २००९ च्या सुमारापासून ऑस्ट्रेलियातल्या पैदासकारांना तयार टॉक्स-एचे हजारो डोस पुरवले जाऊ लागले. ज्या ओळींची पानं वाळली त्या ट्रेमध्येच बाद. पश्चिम ऑस्ट्रेलियात टॉक्स-एला बळी पडणाऱ्या वाणांखालचं क्षेत्र साधारण ३० टक्के होतं, ते तीन हंगामांत १७ टक्क्यांच्या आसपास आलं.

पैदासकारांची एक शंका मात्र रास्त होती. टीएसएन-१ इतक्या वाणांत टिकून राहिलं आहे तर त्याचा गव्हाला काही ना काही उपयोग असेल. ते काढल्यावर उत्पन्न घटलं तर? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांमधून याचं उत्तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं: टॉक्स-एला दाद न देणाऱ्या वाणांमध्ये उत्पन्नाची लक्षात येण्याजोगी घट आढळली नाही. जे जनुक काढायचं ते फुकटात काढता येत होतं.

रोग संपला का? नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पायरेनोफोराकडे टॉक्स-बी आणि टॉक्स-सी आहेत. नोडोरमकडे टॉक्स-१, टॉक्स-३ आणि आणखीही काही विषं आहेत, आणि प्रत्येकासाठी गव्हात वेगळं दार आहे. पायरेनोफोरातलं टॉक्स-ए मुद्दाम बंद करून पाहिलं, तेव्हा तिने काही वाणांवर तरीही पिवळेपणा आणलाच. बन्सी गव्हात तर टीएसएन-१ असूनही टॅन स्पॉटच्या तीव्रतेशी त्याचं नातं साध्या गव्हाइतकं सरळ दिसत नाही. एक दार बंद केलं की त्या दाराने होणारं नुकसान थांबतं, बाकीची दारं आपापल्या जागी राहतात.

गंगेच्या खोऱ्यात

आपल्या बाजूने पाहायचं तर तिसरी बुरशी महत्त्वाची. बायपोलॅरिस सोरोकिनियाना ही उष्ण आणि दमट हवेत जोर धरते. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, नेपाळची तराई आणि बांगलादेश इथे भातानंतर गहू पेरतात. भात निघायला उशीर झाला की गव्हाची पेरणी डिसेंबरमध्ये ढकलली जाते. मग दाणा भरायच्या वेळी मार्चचं ऊन आणि ओल एकदम येतात, आणि पानं खालून वर करपत जातात. वरचं ध्वजपान करपलं की दाणा चिंबला म्हणून समजा. त्या भागात हा करपा गव्हाचा मोठा शत्रू आहे, आणि बनारस हिंदू विद्यापीठात त्यावर अनेक वर्षं काम चालू आहे.

तिथल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातून गोळा केलेल्या या बुरशीच्या ११० नमुन्यांपैकी ७७ मध्ये, म्हणजे ७० टक्क्यांत, टॉक्स-ए सापडलं. दुसरीकडे २२० भारतीय गहू वाण तपासले, त्यांपैकी ८१ मध्ये टीएसएन-१ होतं. हत्यार दहापैकी सात बुरशींकडे आणि दार शंभरातल्या सदतीस वाणांना. मग त्यांनी २० वाण निवडले, ११ टीएसएन-१ असलेले आणि ९ नसलेले, आणि त्यांच्या रोपांवर टॉक्स-ए असलेली बुरशी फवारली. पिवळ्या कडेचे करपट ठिपके फक्त टीएसएन-१ असलेल्या रोपांवर आले.

मोठ्या झाडांवर तोच प्रयोग केला तेव्हा मात्र दोन्ही गटांत असा फरक दिसला नाही. माझ्या मते या अभ्यासातली ही ओळ सर्वांत जास्त विचार करायला लावणारी आहे, आणि तीच अनेकदा वगळली जाते. आपल्याकडचं नुकसान मुख्यतः ओंबी आल्यानंतर होतं, रोपावस्थेत नाही. म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा तोडगा जसाच्या तसा बिहारमध्ये आणून ठेवला तर तितकाच उपयोगी पडेल असं गृहीत धरता येत नाही. रोपावर टीएसएन-१ गाळून घ्यायचं, आणि मोठ्या झाडाची प्रतिकारक्षमता शेतात, मार्चच्या उन्हात, वेगळी तपासायची. दोन्ही कामं करावी लागतील.

महाराष्ट्रात गव्हाचे वाण निवडताना आजवर मुख्य नजर तांबेऱ्यावर राहिली, आणि ती राहायलाच हवी होती. महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्यासाठी, म्हणजे तांबेऱ्यासाठी, स्वतंत्र संशोधन केंद्र आहे ते त्यामुळेच. निफाडच्या केंद्राने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिलेले वाण आपल्या शेतांत आहेत. आपल्याकडचा थंडीचा काळ कमी, हवा कोरडी, म्हणून करप्याचा त्रास बिहारइतका होत नाही. पण फेब्रुवारीत ढगाळ हवा राहिली, अवकाळी पाऊस झाला, की पानांवर ठिपके येतात आणि कृषी सेवा केंद्रावर औषधाची चौकशी सुरू होते. तांबेऱ्याच्या चाचणीसाठी ट्रेमध्ये रोपं उगवलेलीच असतात. त्यांतल्या प्रत्येक ओळीच्या एका जादा रोपाला सिरिंज टेकवायला एक माणूस आणि एक दुपार पुरते. चौथ्या दिवशी दोन रेघांच्या मधला भाग हिरवा आहे की वाळलेला, हे कुणालाही दिसतं, आणि ती नोंद वाणाच्या माहितीपत्रकात तांबेऱ्याच्या रकान्याशेजारी एका शब्दात लिहिता येते.